ग्रेप कॉन्सन्ट्रेटपासून रेड वाइन : पाच लिटरच्या एका घाण्याची सविस्तर कृती

द्राक्षाचा रस कमी दाबाखाली, फार न तापवता आटवला की बहुतेक पाणी निघून जाते आणि काकवीसारखा दाट, काळपट जांभळा अर्क उरतो. हेच ग्रेप कॉन्सन्ट्रेट. डब्यावर ६८ ब्रिक्स लिहिलेले असेल तर १ किलो अर्कात साधारण ६८० ग्रॅम विरघळलेले घटक असतात आणि त्यात जवळजवळ सगळी साखरच असते. सालींचा रंगही आधीच उतरलेला असतो. वाइनला लागणाऱ्या दोन मोठ्या गोष्टी अशा आयत्या मिळतात.

डब्यावर लिहिलेले नसते ते वेगळेच. टार्टरिक आम्लाचा काही भाग आटवताना आणि साठवताना क्षार होऊन खाली बसतो. तोंडाला तुरटपणा देणारे टॅनिन कमी असते. यीस्टला लागणारा नायट्रोजन आणि बी-१ जीवनसत्त्व अनेकदा अपुरे पडते. ताज्या फळाचा वास तर आटवतानाच उडालेला असतो. म्हणून ‘डबा ओता, पाणी घाला, यीस्ट टाका’ एवढेच केले तर मद्यार्क तयार होतो, पण वाइन पाणचट लागते आणि तिला शिजलेल्या मनुकांचा वास येतो. हरवलेल्या गोष्टी मोजून परत घालणे आणि नंतर वाइनला हवेपासून जपणे, ही दोन कामे या कृतीत खरी महत्त्वाची आहेत. घाणा जितका छोटा, तितके दुसरे काम अवघड, कारण थोड्या वाइनच्या मानाने हवेला भिडणारा पृष्ठभाग मोठा असतो.

आधी कायदा

महाराष्ट्रात, महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ प्रमाणे, परवान्याशिवाय मद्य बनवणे हा गुन्हा आहे, मग ते घरी आणि स्वतःपुरते का असेना. ही कृती ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा ठिकाणी राहणाऱ्यांसाठी आहे. तिथे घरच्या पिण्यापुरती वाइन बनवता येते, विकता येत नाही. अमेरिकेत केंद्रीय कायद्याने एक प्रौढ असलेल्या घराला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढ असतील तर २०० गॅलनची मर्यादा आहे; राज्याचे आणि गावाचे नियम वेगळे पाहावेत. तयार वाइन ऊर्ध्वपातित करून कडक दारू काढणे हे वेगळे आणि धोक्याचे प्रकरण आहे. त्याच्या वाटेला जाऊ नका.

डबा निवडताना

घटकांची यादी वाचल्याशिवाय डबा घेऊ नका. त्यात पोटॅशियम सॉर्बेट किंवा बेन्झोएट असेल तर यीस्ट वाढणारच नाही. ‘१०० टक्के रेड ग्रेप’ आणि ब्रिक्सचा आकडा दोन्ही लिहिलेले असावेत. अमेरिकेतल्या किराणा दुकानांत मिळणारा गोठवलेला काँकॉर्ड द्राक्षाचा रस हा निराळा प्रकार. काँकॉर्ड ही लॅब्रुस्का जातीची द्राक्षे. त्यांच्या वाइनला जांभळ्या गोळ्या-चॉकलेटांचा ठसठशीत वास राहतो. काहींना तो आवडतो, पण त्यातून कॅबर्ने किंवा मर्लो या नावाजलेल्या रेड वाइनची अपेक्षा करू नये.

ब्रिटनमधल्या जुन्या पाककृतींत १ किलोच्या डब्यात ३५०–४०० ग्रॅम साखर घालून गॅलनभर वाइन करायला सांगितलेले असते. मद्यार्क बरोबर येतो, पण साखरेतून चव, आम्ल, रंग यांतले काहीच येत नाही. शक्य तेवढा अर्क वापरा आणि साखर फक्त शेवटच्या दुरुस्तीसाठी ठेवा. खर्च थोडा वाढतो, पण वाइनमध्ये फरक स्पष्ट कळतो.

साहित्य आणि भांडी

पुढची मापे ५ लिटर रसासाठी आहेत. काचेचा डेमिजॉन (अरुंद गळ्याची मोठी बाटली) ४.५ लिटरचा असतो. वरचा अर्धा लिटर मुद्दाम जास्त घेतला आहे, कारण गाळ काढल्यावर तेवढी तूट येतेच आणि डेमिजॉन गळ्यापर्यंत भरायला रस हाताशी लागतो. अमेरिकन गॅलनचा जग ३.८ लिटरचा असतो. त्यासाठी ४.३ लिटर रस आणि साधारण १.४ किलो अर्क घ्या.

- ६८ ब्रिक्सचे रेड ग्रेप कॉन्सन्ट्रेट : १.६५ किलो (साधारण सव्वा लिटर)
- पाणी : सुमारे पावणेचार लिटर
- टार्टरिक आम्ल : २५ ग्रॅम घरात ठेवा, किती घालायचे ते मोजून ठरेल
- वाइन टॅनिन : १ ग्रॅम
- यीस्ट न्यूट्रिएंट (डायअमोनियम फॉस्फेट) : ४ ग्रॅम, दोन हप्त्यांत, बी-१ असलेले मिश्रण मिळाले तर तेच घ्या
- वाइन यीस्ट : ५ ग्रॅमचे एक पाकीट
- कॅम्पडेन गोळ्या (सल्फाइटच्या) : ३–४
- बेंटोनाइट (वाइन निवळवणारी माती) : ५ ग्रॅम
- ओकचे मध्यम भाजलेले तुकडे : १० ग्रॅम

भांड्यांत खाद्यपदार्थांसाठी चालणारी ८ ते १० लिटरची झाकणाची बादली, डेमिजॉन, भोक पाडलेले रबरी बूच आणि एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न येऊ देणारी, पाणी भरलेली नळी), सायफनची नळी, हायड्रोमीटर (रस पाण्याच्या किती पट जड आहे, म्हणजे त्यात साखर किती, ते दाखवणारे उपकरण; पाण्याचा आकडा १.०००) आणि त्याची उंच नळी, थर्मामीटर, ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा. गाळ काढताना एक मोकळे भांडे लागतेच, म्हणून दुसरा डेमिजॉन असला तर काम सोपे होते. हायड्रोमीटरवर पैसे वाचवू नका. एअरलॉकचे बुडबुडे हे मोजमाप नव्हे. झाकण सैल असले तरी ते थांबतात आणि खोली तापली तरी पुन्हा सुरू होतात.

स्वच्छता

धुणे आणि निर्जंतुक करणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. आधी सुगंध नसलेल्या सोडियम परकार्बोनेटच्या कोमट पाण्याने सगळे धुऊन खळखळून काढा. मग १ लिटर पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट आणि ५ ग्रॅम सायट्रिक आम्ल यांचे द्रावण भांड्यांना सगळीकडून लावून दहा मिनिटे ठेवा आणि निथळू द्या. खिडकी उघडी हवी. त्या वाफेने घसा धरतो आणि दमा असलेल्यांनी हे काम दुसऱ्याकडे द्यावे. ब्लीच वापरू नका. क्लोरीनचा अंश लाकूड किंवा बुचाजवळ राहिला तर बुरशीच्या मदतीने ओल्या पुठ्ठ्यासारखा वास धरणारे संयुग तयार होते आणि ते वाइनमधून काढता येत नाही.

नळाच्या पाण्यात क्लोरामिन (क्लोरीनचेच टिकाऊ रूप) असेल तर पाणी उकळून तो लवकर जात नाही. कॅम्पडेन गोळीचा चिमूटभर चुरा पाण्यात ढवळला की काही मिनिटांत काम होते.

पहिला दिवस : रस तयार करणे

डबा अर्धा तास कोमट पाण्यात ठेवला की अर्क सहज ओघळतो. बादलीत दीड लिटर पाणी ४५ ते ५० अंशांपर्यंत तापवून घ्या, त्यात अर्क ओता आणि डबा थोड्या गरम पाण्याने दोनदा विसळून तेही त्यातच घाला. आता निदान पाच मिनिटे तळापासून जोरात ढवळा, मग उरलेले गार पाणी घालून ५ लिटर करा आणि पुन्हा ढवळा. अर्क पाण्यापेक्षा बराच जड असल्याने तळाशी थर धरून बसतो. न विरघळलेल्या रसात हायड्रोमीटर बुडवला तर आकडा १.०६० दिसतो, माणूस घाबरून साखर ओततो आणि शेवटी १६ टक्क्यांच्या गोडसर, न संपणाऱ्या आंबवणीत अडकतो. ढवळताना जी हवा मिसळते ती या टप्प्यावर हवीच असते, कारण पेशी वाढवताना यीस्टला ऑक्सिजन लागतो. सबंध कृतीत हवा चालते ती फक्त इथे.

हायड्रोमीटर नळीत सोडून बोटांनी गरकन फिरवा, म्हणजे चिकटलेले बुडबुडे सुटतात. वाचन द्रवाच्या सपाट पातळीशी घ्या, कडेला चढलेल्या भागाशी नाही. बरीच उपकरणे २० अंशांना जुळवलेली असतात. रस ३० अंशांचा असेल तर वाचनात ०.००३ मिळवा. वरच्या मापाने १.०८६ च्या आसपास आकडा यायला हवा. तो ०.९९४ पर्यंत उतरला की दोन्हींतला फरक गुणिले १३१, म्हणजे १२ टक्के मद्यार्क. ५ लिटरमध्ये आकडा ०.००५ ने वाढवायला ६५ ग्रॅम साखर लागते. आकडा जास्त असेल तर पाणी घाला: १.०९५ चे १.०८६ करायचे असेल तर ५ × ९५ ÷ ८६, म्हणजे ५.५ लिटर व्हायला हवे. १३ टक्क्यांच्या पुढे जाण्याचा मोह टाळा. अंगाने हलक्या वाइनमध्ये जादा मद्यार्क नुसता जळजळतो.

आता आम्ल. चवीवर विसंबू नका. एवढ्या साखरेखाली आंबटपणा लपतो. ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड आणि फिनॉल्फ्थॅलिनचे टेस्ट किट स्वस्तात मिळते. ७.५ मिलिलिटर रस घ्या, तो पाचसहा पट डिस्टिल्ड पाण्याने पातळ करा आणि सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने घाला. जितके मिलिलिटर लागेल तितके ग्रॅम प्रतिलिटर आम्ल, टार्टरिकच्या मापात. रेड वाइनचा रंग आधी करडा-हिरवा होतो आणि मग गुलाबी छटा टिकते. ही खूण ओळखायला कठीण जाते, म्हणून पीएच मीटर असेल तर ८.२ वर थांबा. लक्ष्य ६ ते ६.५ ग्रॅम प्रतिलिटर, आणि पीएच ३.४ ते ३.६. समजा मोजणी ४.८ आली, तर दर लिटरला १.२ ग्रॅम, म्हणजे ५ लिटरला ६ ग्रॅम टार्टरिक आम्ल लागेल. आधी त्यातले ४ ग्रॅम घाला आणि उरलेले शेवटी चाखून. जुन्या ब्रिटिश पुस्तकांत आकडे सल्फ्युरिकच्या मापात असतात, त्यांना १.५३ ने गुणले की टार्टरिकचे माप येते. हे लक्षात न घेता ‘४ पुरे’ असे वाचून आम्ल कमी ठेवले की वाइन बेचव तर होतेच, शिवाय पीएच चढल्याने सल्फाइटही नीट काम करत नाही.

टॅनिन थोड्या कोमट पाण्यात कालवून घाला. भरीवपणा वाढवायचा असेल तर १०० ग्रॅम मनुका चिरून, उकळते पाणी ओतून वरचे तेल काढून, मलमलच्या पुरचुंडीत बांधून बादलीत सोडा. त्यांतली साखर पहिल्या वाचनात दिसत नाही, पण आकड्यात साधारण ०.००५ ची भर घालते. तेव्हा मनुका घालणार असाल तर सुरुवात १.०८१ वर ठेवा. बेंटोनाइट १०० मिलिलिटर गरम पाण्यात भिजवून, गुठळ्या मोडून, याच वेळी घातले तर पुढे वाइन लवकर निवळते. सुरुवातीला सल्फाइट घालण्याची मात्र गरज नाही. अर्क तापवलेला असतो, आणि सल्फाइट उरलेसुरले बी-१ जीवनसत्त्वही नष्ट करते.

यीस्ट

पावाचे यीस्ट नको. ते १२ टक्क्यांपर्यंत पोचेलच याची खात्री नसते, तळाशी घट्ट बसत नाही आणि वाइनला पिठूळ वास देते. पहिल्या घाण्याला लालव्हिनचे ईसी-१११८ सर्वांत भरवशाचे, कमी पोषणातही शेवटपर्यंत जाणारे. पण स्वतःहून ते चवीत फारशी भर घालत नाही. लवकर प्यायची, फळाच्या वासाची वाइन हवी असेल तर ७१बी निवडा. ते मॅलिक आम्लाचा काही भाग खाऊन तोंडाला मऊपणा आणते. बर्गंडीतले आरसी-२१२ रंगाला आणि चवीला छान, पण त्याची नायट्रोजनची भूक मोठी. पोषण चुकले की कुजक्या अंड्यांचा वास येतो.

पाकीट ५० मिलिलिटर, ३५ ते ४० अंशांच्या साध्या पाण्यात शिंपडा, १५ मिनिटांनी हलवा. न्यूट्रिएंट या पाण्यात घालू नका. मग त्यात चमचा-चमचा रस घालत तापमान बादलीच्या जवळ आणा. दोन्हींत १० अंशांपेक्षा जास्त फरक राहू नये. बादलीतला रस २० ते २४ अंशांवर असताना हे विरजण ओता आणि झाकण सैल टेकवा. झाकण घट्ट लावणे धोक्याचे आहे: एवढ्या साखरेतून अडीचशे लिटरहून अधिक कार्बन डायऑक्साइड निघतो.

पहिला आठवडा

द्राक्षांपासून रेड वाइन करताना सालींतून रंग निघावा म्हणून तापमान २८-३० अंशांपर्यंत जाऊ देतात. इथे साली नाहीत. अर्कात मुळातच कमी उरलेला सुवास जपायचा तर २० ते २२ अंश उत्तम. इंग्लंडमधल्या हिवाळ्यात बादली फरशीवर न ठेवता लाकडी पाटावर ठेवा आणि ब्लँकेट गुंडाळा. रेडिएटरला चिकटवू नका.

२४ तासांत फेस दिसायला हवा. तेव्हा २ ग्रॅम न्यूट्रिएंट, आणि आकडा १.०६० ला आला की उरलेले २ ग्रॅम, दोन्ही वेळा थोड्या पाण्यात विरघळवून आणि हळूहळू. कोरडी पूड टाकली तर साठलेला वायू एकदम सुटतो आणि वाइन बादलीबाहेर येते. आकडा १.०४० च्या खाली गेल्यावर न्यूट्रिएंट घालू नये. मद्यार्क वाढला की यीस्ट ते घेऊ शकत नाही आणि उरलेला नायट्रोजन जिवाणूंच्या कामी येतो.

पाच ते सात दिवसांत आकडा १.०२० ते १.०१० वर येतो. पुरचुंडी न पिळता काढून टाका. नळीचे टोक डेमिजॉनच्या तळाला टेकवून, शिंतोडे न उडवता वाइन उतरवा आणि एअरलॉक लावा. दोनतीन दिवसांनी फेस बसला की जादा रसाने बुचाच्या खाली दोन बोटांपर्यंत भरा. उरलेला रस छोट्या बाटलीत, तिलाही एअरलॉक लावून ठेवा. पुढच्या भरणीला तोच कामी येतो.

निवळणे आणि थांबणे

एकूण दोनतीन आठवड्यांत आकडा ०.९९२ ते ०.९९६ वर थांबतो. एक-एक दिवसाच्या अंतराने तीन वाचने सारखी आली म्हणजे आंबवण संपली. आता गाळावरून उतरवा, एक कॅम्पडेन गोळी कुटून, विरघळवून घाला (साधारण ५० मिलिग्रॅम प्रतिलिटर सल्फर डायऑक्साइड). मग स्वच्छ दांड्याने दिवसातून दोनदा, दोन दिवस, भोवरा न करता हलवून साठलेला वायू काढा. वायू राहिला तर गाळ बसत नाही आणि आम्लाची मोजणीही जास्त दाखवते.

ओकचे तुकडे आता घाला. दोन आठवड्यांनंतर दर आठवड्याला चाखा; चार आठवड्यांच्या पुढे सहसा ठेवू नका, लाकूड फळावर चढते. बाजारात जिलेटिन, माशाच्या वाताशयापासून (पोटातल्या हवेच्या पिशवीपासून) केलेले आयसिंग्लास, कवचधारी प्राण्यांपासूनचे कायटोसान अशी निवळवणारी द्रव्ये मिळतात. शाकाहारी घरात बेंटोनाइटवरच थांबावे. घाई नसेल तर दोनतीन महिन्यांत वाइन आपोआप निवळते.

डेमिजॉन अंधाऱ्या, थंड जागी ठेवा. दर दोनतीन महिन्यांनी गाळ दिसला तरच उतरवा. प्रत्येक दुसऱ्या वेळी अर्धी गोळी. गळ्यात रिकामी जागा राहिली तर बाजारातली साधी कोरडी रेड वाइन किंवा उकळून गार केलेल्या काचेच्या गोट्या घालून पातळी वर आणा. पाणी कधीच घालू नका. एअरलॉकमधले पाणी आटले आणि कोणी पाहिलेच नाही, यानेही चांगला घाणा वाया जातो.

बाटल्या भरणे

चार ते सहा महिन्यांनी, वाइन पूर्ण स्वच्छ झाली की, चाखून आम्ल पुन्हा जुळवा. गोडी हवी असेल तर साखरेआधी १ ग्रॅम पोटॅशियम सॉर्बेट आणि एक कॅम्पडेन गोळी दोन्ही घाला. सॉर्बेट एकटे घालू नये: दुग्धाम्ल जिवाणू त्याचे रूपांतर जिरेनियमच्या पानांसारख्या वासात करतात आणि तो जात नाही. ४.५ लिटरमधून गाळ वजा जाता साडेपाच बाटल्या मिळतात. बूच आणि वाइन यांत दोन सेंटिमीटर जागा ठेवा. बूच लावल्यावर बाटल्या तीन दिवस उभ्या, मग आडव्या, १२ ते १५ अंशांत. सहाव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंतचा काळ हिच्यासाठी चांगला. त्याहून जास्त ठेवून फायदा होईल एवढे टॅनिन हिच्यात नसते.

बिघाड आणि त्यांची कारणे

४८ तासांत काहीच हालचाल नाही: यादीत सॉर्बेट नाही ना ते पुन्हा पाहा, मग तापमान, मग यीस्टची तारीख. नवे यीस्ट वेगळ्या पेल्यात फेसाळल्यावरच घाला.

१.०३० च्या आसपास अडकणे: बहुधा थंडी किंवा अपुरे पोषण. बादलीत आणखी यीस्ट शिंपडून उपयोग नाही. मद्यार्कात ते लगेच मरते. ईसी-१११८ भिजवून त्यात अर्धा पेला रस आणि अर्धा पेला पाणी घाला, ते जोरात उठल्यावर तितकीच अडकलेली वाइन, पुन्हा उठल्यावर दुप्पट, असे वाढवत जा आणि मग सगळे एकत्र करा.

कुजक्या अंड्यांचा वास आंबवणीच्या पहिल्या निम्म्या भागात आला तर न्यूट्रिएंटने जातो. नंतर आला तर गाळावरून लगेच, या एका वेळी मुद्दाम शिंतोडे उडवत उतरवा आणि सल्फाइट घाला. आठवडे थांबलात तर तो जळक्या रबरासारख्या वासात बदलतो आणि हलत नाही.

वर पांढरी, सुरकुतलेली साय दिसली तर आत हवा शिरते आहे. साय न मोडता खालून वाइन उतरवा, एक गोळी घाला, भांडे काठोकाठ भरा. व्हिनेगरचा वास मात्र सुटत नाही. ती वाइन स्वयंपाकात वापरा आणि ते भांडे दुसऱ्या घाण्याजवळही ठेवू नका.

विटकरी रंग आणि ठेचलेल्या सफरचंदाचा वास म्हणजे ऑक्सिडेशन. सल्फाइटने पुढचे थांबते, झालेले परत येत नाही.

बाटलीच्या तळाला चमकदार खडे दिसले तर ते टार्टरिक आम्लाचे क्षार, निरुपद्रवी. बाटली उघडताना फुस्स आवाज आणि नवा गढूळपणा एकत्र आले तर आत पुन्हा आंबवण सुरू आहे. त्या घाण्यातल्या सगळ्या बाटल्या टॉवेलमध्ये गुंडाळून सिंकमध्ये उघडा, वाइन डेमिजॉनमध्ये परत घ्या, एअरलॉक लावा आणि हायड्रोमीटरचा आकडा तीन वेळा सारखा येईपर्यंत ठेवा.